धोतरांच्या गावचा क्लब : ब्लॅकबर्न रोव्हर्सची दीडशे वर्षे

५ नोव्हेंबर १८७५ रोजी इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातील ब्लॅकबर्न गावी सेंट लेजर नावाच्या हॉटेलात सतरा तरुण जमले आणि त्यांनी फुटबॉलचा क्लब काढला. बैठक बोलावणारे दोघे होते, जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन. क्लबच्या इतिहासात दोघांची नोंद श्र्यूजबरी शाळेचे माजी विद्यार्थी अशी आहे. नाव ठरले ब्लॅकबर्न रोव्हर्स. मैदान नव्हते, गडी जेमतेम होते, आणि पहिला सामना १८ डिसेंबरला शेजारच्या चर्च नावाच्या गावी जाऊन खेळावा लागला. तो १–१ असा बरोबरीत सुटला.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वेळी मंडळाची वाटचाल छापली जाते. यंदा तिच्या शेजारी एका परक्या गावच्या संस्थेची वाटचाल देत आहोत. पेण-रोह्याकडे मैदानाचा विषय निघाला की कबड्डीचाच निघतो. फुटबॉल इथे शाळेच्या पटांगणावर, पावसाळ्याच्या चिखलात जेवढा खेळला जातो तेवढाच. मग हा क्लब का? याला कारणे दोन. एक म्हणजे २०१० पासून या क्लबची मालकी पुण्यात आहे, आणि तीही कोंबड्या-अंड्यांच्या धंद्यातून आलेल्या पैशावर. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपली मंडळे गावाची असतात, आळीची असतात. ती कोणाच्या नावावर आहेत, हा प्रश्नच कोणी विचारत नाही. ब्लॅकबर्नमध्ये मात्र हा प्रश्न दीडशे वर्षांत पुन्हा पुन्हा विचारला गेला आणि दर वेळी त्याचे उत्तर वेगळे आले. ज्यांना मंडळ चालवायचे आहे, त्यांनी ती उत्तरे बघून ठेवावीत.

क्लबचे पहिले घरचे मैदान म्हणजे ऊझहेड येथील एका शेतकऱ्याचे कुरण. एरवी तिथे गाई चरत. कुरणाच्या मधोमध पाणी साचणारा मोठा खड्डा होता. सामन्याच्या दिवशी त्यावर लाकडी फळ्या टाकून वर गवताच्या ढेपा अंथरल्या जात आणि त्यावर खेळ होई. मग क्रिकेटवाल्यांची मैदाने भाड्याने घेतली. १८८१ ते १८९० लीमिंग्टन रोड, आणि १८९० पासून आजतागायत ईवूड पार्क. ईवूड घरचे मैदान झाल्यावर तिथला पहिला सामना १३ सप्टेंबर १८९० रोजी अ‍ॅक्रिंग्टन संघाशी झाला आणि त्यात एकही गोल झाला नाही.

गाव कसले होते, ते आधी पाहायला हवे. ब्लॅकबर्न हे विणकरांचे गाव. एकाच वेळी अनेक चात्या फिरवणारा स्पिनिंग जेनी हा चरखा ज्याने बनवला तो जेम्स हारग्रीव्ह्ज याच गावाच्या परिसरातला. पुढे वाफेवर चालणारे माग आले आणि ब्लॅकबर्नच्या गिरण्यांचा मोठा भर भारतात खपणाऱ्या धोतरांच्या कापडावर राहिला. आपल्याकडे त्या काळी सगळ्याच विलायती कापडाला ‘मँचेस्टरचे’ म्हणत. त्यातले बरेचसे मँचेस्टरच्या पेढ्यांतून विकले जाई आणि विणले जाई ब्लॅकबर्न, डार्वेन, बर्न्ली अशा गावांत. म्हणजे फुटबॉलचा एकही सामना न पाहिलेल्या आपल्या खापरपणजोबांनीही या क्लबच्या प्रेक्षकांचा पगार काही अंशी भरला होता, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही.

गिरणीकामगारांना शनिवारी अर्धी सुट्टी मिळू लागली आणि दुपारचा फुटबॉल हा गावाचा खेळ झाला. त्याआधी तो बड्या निवासी शाळांत शिकलेल्या सद्‌गृहस्थांचा खेळ होता. १८८२ साली रोव्हर्स इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात पोचला. उत्तर इंग्लंडमधून तिथवर पोचलेला हा पहिलाच संघ. समोर ओल्ड ईटोनियन्स, म्हणजे ईटन शाळेचे माजी विद्यार्थी. रोव्हर्स ०–१ हरला. पुढच्याच वर्षी त्याच ईटोनियन्सना २–१ हरवून कप ब्लॅकबर्नला आला खरा, पण तो आणला गावातल्या दुसऱ्या क्लबने, ब्लॅकबर्न ऑलिंपिकने. त्यांच्यात विणकर होते, सूत कातणारे होते, नळकाम करणारा होता. लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना असलेल्या सिडनी येट्सने त्यांचा खर्च केला होता आणि सामन्याआधी संघाला समुद्रकिनारी ब्लॅकपूलला सरावासाठी नेले होते. कामगारांच्या संघाने साहेबांच्या संघाला हरवले, हा त्या काळी मोठा धक्का होता. पण ऑलिंपिकचे आयुष्य थोडे ठरले. एका गावात दोन मोठे क्लब पोसणे जमले नाही आणि १८८९ साली तो बंद पडला. आपल्या तालुक्यांतही एका गावात दोन तगडी मंडळे उभी राहिली की पुढे काय होते, हे वाचकांना सांगायला नको.

रोव्हर्स टिकला, कारण त्याच्याकडे पैसा होता आणि त्याने तो खेळाडूंवर खर्च केला. नियमाने खेळाडूला पगार देता येत नव्हता. तरी स्कॉटलंडचे खेळाडू लँकेशरच्या गावांत येऊन ‘नोकरीला’ लागत होते. फर्गस सूटर हा पाथरवट ग्लासगोहून आधी डार्वेनच्या संघात आला. थोड्याच दिवसांत त्याने दगडकाम सोडले. कारण काय, तर म्हणे इंग्लंडचा दगड फार कठीण! १८८० साली तो डार्वेन सोडून रोव्हर्सकडे गेला, तेव्हा दोन्ही गावांत चांगलाच वाद पेटला. खेळाडू फोडला, पैसे चारले, ही भाषा तेव्हापासूनची आहे. १८८५ च्या जुलैमध्ये फुटबॉल संघटनेने अखेर व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली, म्हणजे जे उघड गुपित होते ते कागदावर आणले. रोव्हर्सचा जेम्स फॉरेस्ट हा इंग्लंडकडून खेळलेला पहिला व्यावसायिक खेळाडू.

तोवर कप गावात मुक्कामाला आला होता. १८८४ आणि १८८५ मध्ये ग्लासगोच्या क्वीन्स पार्कला हरवून आणि १८८६ मध्ये वेस्ट ब्रॉमविचला दुसऱ्या सामन्यात २–० ने हरवून रोव्हर्सने एफ. ए. कप सलग तीनदा जिंकला. त्याबद्दल संघटनेने क्लबला खास ढाल दिली. १८९० मध्ये शेफील्डच्या वेन्सडे संघाला ६–१ असे धुतले आणि विल्यम टाउनलीने त्यात तीन गोल केले. १८९१ मध्ये नॉट्स काउंटीला ३–१. आठ वर्षांत पाच कप. १८८८ साली बारा क्लबांनी मिळून जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू केली, त्या बारांत रोव्हर्स होता. १९९२ मध्ये प्रीमियर लीग निघाली तेव्हाच्या बावीसांतही होता. दोन्ही ठिकाणी संस्थापक असलेले क्लब तीनच : अ‍ॅस्टन व्हिला, एव्हर्टन आणि ब्लॅकबर्न.

संस्थापक जॉन लुईस यांच्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण संस्थांच्या इतिहासात संस्थापकाचा फोटो लागतो आणि माणूस राहून जातो. लुईस पुढे देशातले नावाजलेले पंच झाले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात, पासष्टीच्या घरात असताना, शिट्टी त्यांच्याच हाती होती. त्यांचे निर्णय न पटल्याने चेकोस्लोव्हाकियाचा संघ अर्ध्यातूनच मैदान सोडून गेला आणि सुवर्णपदक बेल्जियमला मिळाले. पंचाच्या निर्णयावरून संघ मैदानाबाहेर जाणे हा प्रकार आपल्याकडच्या स्पर्धांतलाच, असा ज्यांचा समज असेल त्यांच्यासाठी ही माहिती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लबची सूत्रे लॉरेन्स कॉटन या गिरणीमालकाकडे आली. त्याने ईवूड पार्क बांधून काढले, खेळाडू आणले, आणि बॉब क्रॉम्प्टनच्या नेतृत्वाखाली रोव्हर्सने १९१२ आणि १९१४ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवले. गावातल्या धंद्यातला पैसा गावच्या मैदानावर, असा तो सरळ हिशेब होता. मग महायुद्ध आले. १९२८ साली एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात रॉसकॅम्पने पहिल्याच मिनिटाला गोलरक्षकासकट चेंडू आत ढकलला आणि हडर्सफील्डला ३–१ हरवून कप सहाव्यांदा आला. तो शेवटचा.

कारण गावच खचत होते. भारतात मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या होत्या, जपानी कापड स्वस्त येत होते, आणि त्यातच परदेशी मालावर बहिष्कार पडला. २५ सप्टेंबर १९३० रोजी आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात सत्याग्रही हुतात्मे झाले. बरोबर एका वर्षाने, २५ सप्टेंबर १९३१ रोजी, गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेनमध्ये उतरले. बेकार झालेल्या गिरणीकामगारांना भेटायला ते आले होते. दुसऱ्या दिवशी गिरणीतल्या बायकांनी त्यांच्याभोवती गर्दी करून हात उंचावून केलेल्या जयजयकाराचा फोटो जगप्रसिद्ध आहे. गांधीजींनी त्यांना भारतातली गरिबी समजावून सांगितली, बहिष्कार मागे घेतला नाही, आणि तरीही त्या बायका हसत होत्या. त्या फोटोतल्या घरांमधून शनिवारी ईवूड पार्कला जाणारे किती असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

१९३६ मध्ये क्लब पहिल्यांदा वरच्या विभागातून खाली घसरला. यापुढची पंचावन्न वर्षे भराभर सांगता येतात. १९६० मध्ये एफ. ए. कपचा अंतिम सामना गाठला आणि वुल्व्ह्जकडून ०–३ हार. १९६६ मध्ये पुन्हा घसरण, आणि मग वरच्या विभागाबाहेर सव्वीस वर्षे. त्यातली काही तर तिसऱ्या विभागात. गिरण्या एकेक करून बंद झाल्या. त्या बंद होण्यापूर्वी रात्रपाळीला माणसे मिळेनात म्हणून पाकिस्तानातून आणि गुजरातेतून कामगार आले, त्यांची कुटुंबे आली, आणि गावाचा चेहरा बदलला. तो चेहरा ईवूडच्या प्रेक्षागृहात दिसायला मात्र फार वेळ लागला. याकडे क्लबने वर्षानुवर्षे पुरेसे लक्ष दिले नाही, असे माझे मत आहे. २ मे २०२२ रोजी क्लबने रमजान ईदची नमाज थेट मैदानाच्या हिरवळीवर ठेवली; इंग्लंडच्या कोणत्याही फुटबॉल क्लबच्या मैदानावर असे पहिल्यांदाच घडत होते. गावात आलेल्यांची तिसरी पिढी तोवर मोठी झाली होती.

सव्वीस वर्षांच्या अंधारातून क्लबला बाहेर काढले ते गावच्याच माणसाने. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचा, १९२९ चा जन्म. वडिलांनी सुरू केलेल्या पत्र्याच्या छोट्या धंद्यातून त्याने आणि भावाने पोलादाचा मोठा व्यापार उभा केला आणि अखेर तो ब्रिटिश स्टीलला तीस कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकला. लहानपणापासून ज्या संघासाठी ओरडला तो संघ १९९१ मध्ये त्याने हाती घेतला. प्रशिक्षक म्हणून लिव्हरपूलचा केनी डॅल्ग्लिश आला. १९९२ मध्ये वरच्या विभागात बढती मिळाली, तीही प्लेऑफच्या सामन्यात एका पेनल्टीवर. त्याच उन्हाळ्यात अ‍ॅलन शिअरर तेहतीस लाख पौंडांना आला आणि १९९४ मध्ये ख्रिस सटन पन्नास लाखांना. टीकाकारांनी ‘विजेतेपद विकत घेणारे’ म्हणून हिणवले. गाववाल्यांना त्याचे काही वाटले नाही. पैसा त्यांच्याच माणसाचा होता.

१४ मे १९९५. हंगामाचा शेवटचा दिवस. रोव्हर्सचा सामना लिव्हरपूलमध्ये, डॅल्ग्लिशच्याच जुन्या मैदानावर. दोन गुणांनी मागे असलेला मँचेस्टर युनायटेड लंडनमध्ये वेस्ट हॅमशी खेळत होता. शिअररने गोल केला, लिव्हरपूलने बरोबरी साधली आणि जादा वेळेत जेमी रेडनॅपने फ्री किकवर दुसरा गोल मारला. रोव्हर्स १–२ हरला. काही क्षण चेहरे पडले. तेवढ्यात लंडनहून निरोप आला की युनायटेडला १–१ बरोबरीवर समाधान मानावे लागले. ८९ गुणांविरुद्ध ८८. एक्याऐंशी वर्षांनी ब्लॅकबर्न इंग्लंडचा विजेता झाला, आणि तोही सामना हरून. त्या हंगामात शिअररने लीगमध्ये ३४ गोल केले होते. लाखभर वस्तीच्या गावाने हे साधले, याची तुलना करायला आजच्या इंग्लिश फुटबॉलमध्ये लेस्टरच्या २०१६ सालच्या विजयाखेरीज दुसरे काही नाही, आणि लेस्टर ब्लॅकबर्नच्या कितीतरी पट मोठे शहर आहे.

उतार लगेच लागला. डॅल्ग्लिश प्रशिक्षकपदावरून बाजूला झाला. पुढच्या हंगामात युरोपच्या स्पर्धेत रोव्हर्स गटात तळाला राहिला आणि मॉस्कोतल्या सामन्यात त्याच्याच दोन खेळाडूंनी भर मैदानात एकमेकांशी मारामारी केली. १९९६ मध्ये शिअरर दीड कोटी पौंडांच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला न्यूकॅसलला गेला. १९९९ मध्ये घसरण. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर वारला. पुढच्या वर्षी झालेली बढती आणि २००२ चा लीग कप त्याला पाहता आला नाही. क्लब त्याच्या कुटुंबाच्या विश्वस्त निधीकडे राहिला. पण निधीच्या विश्वस्तांना ईवूडवर कोणी लहानपणी खांद्यावर बसवून नेले नव्हते, आणि त्यांनी गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली.

नोव्हेंबर २०१० मध्ये ते मिळाले. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे आपल्याकडे ‘वेंकीज’ म्हणून ठाऊक असलेल्या कंपनीने, सुमारे दोन कोटी तीस लाख पौंडांना क्लब घेतला आणि त्याच्या डोक्यावरचे कर्जही स्वीकारले. समूहाचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव यांचे नाव पोल्ट्रीवाल्यांना सांगायला नको. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली आणि ‘संडे हो या मंडे’ची जाहिरात याच समितीची. अंड्याचा भाव रोज सकाळी शेतकऱ्याला कळावा आणि व्यापाऱ्याने त्याला नाडू नये, ही कल्पना पोल्ट्रीच्या शेडवर उभ्या असलेल्या माणसाला आजही मोलाची वाटते. आता राव यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि त्यांचे दोन भाऊ क्लबचे मालक झाले. पुण्यातल्या वृत्तपत्रांनी अभिमानाने बातम्या छापल्या.

धंदा कळणे वेगळे आणि क्लब कळणे वेगळे, हे महिन्याभरातच दिसले. डिसेंबरमध्ये अनुभवी प्रशिक्षक सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या स्टीव्ह कीन यांना प्रेक्षकांनी कधीच स्वीकारले नाही. खेळाडू सामन्याआधी वेंकीजचे चिकन खात आहेत अशी जाहिरात झाली, तिची भरपूर टिंगल झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात आला आणि बालेवाडीला पुणे एफ. सी.विरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळून ३–० ने जिंकला; आपल्या भागातल्या फुटबॉल पाहणाऱ्यांना प्रीमियर लीगचा संघ प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची ती दुर्मीळ संधी होती. पण तिकडे ईवूडवर निदर्शने चालू होती. ७ मे २०१२ रोजी विगनकडून ०–१ हरून क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात कोणीतरी क्लबच्या निळ्या-पांढऱ्या रंगांत गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. पुढच्या हंगामात कीन यांनी राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेले हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, नंतरचे मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस. २०१७ मध्ये तर क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर कोणत्याही क्लबवर तोवर अशी वेळ आली नव्हती.

इतके सांगितल्यावर दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे, कारण इंग्लंडमधल्या लिखाणात ती क्वचित येते. मालकांनी क्लब वाऱ्यावर सोडला नाही. शेजारचा बरी हा १८८५ साली स्थापन झालेला क्लब २०१९ मध्ये पैशांअभावी लीगमधून बाद झाला. ब्लॅकबर्नमध्ये खेळाडूंचे पगार मालकांच्या पैशावर चालू राहिले आणि या पंधरा वर्षांत पुण्याहून गेलेला पैसा वीस कोटी पौंडांच्या वर असल्याचे सांगितले जाते. शांत स्वभावाच्या टोनी मोब्रे यांच्या हाताखाली २०१८ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीतून लगेच वर आला आणि तेव्हापासून दुसऱ्या श्रेणीत आहे. अलीकडे भारतातून पैसा पाठवण्यासाठी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. त्यामुळे ब्लॅकबर्नचे प्रेक्षक दिल्लीतल्या तारखांच्या बातम्या वाचू लागले. मालक मैदानावर क्वचितच दिसतात, ही गावाची जुनी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. लांबून पैसा पाठवता येतो. शनिवारी पावसात उभ्या असलेल्या माणसाला जे कळते ते मात्र लांबून कळत नाही. २०२५ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून महिलांचा संघ दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून काढून घेण्यात आला, तो निर्णय मला तरी क्लबच्या दीडशेव्या वर्षाला शोभणारा वाटला नाही.

जे टिकून आहे ते ब्रॉकहॉल गावातले प्रशिक्षण केंद्र. वॉकरच्या पैशातून उभे राहिलेले हे केंद्र पुणेकर मालकांनीही वरच्या दर्जाचे ठेवले, आणि तिथे आसपासच्या गावांतली मुले लहानपणापासून खेळायला येतात. अ‍ॅडम व्हॉर्टन हा ब्लॅकबर्नचाच मुलगा तिथे सहाव्या वर्षी आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, क्लबने त्याला सुमारे एक कोटी ऐंशी लाख पौंडांना लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला विकले, कारण खर्चाची तोंडमिळवणी करायची होती. त्याच उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या युरो स्पर्धेच्या चमूत होता. मे २०२५ मध्ये पॅलेसने मँचेस्टर सिटीला १–० हरवून एफ. ए. कप जिंकला आणि व्हॉर्टन त्या अंतिम सामन्यात खेळला. कप ब्लॅकबर्नच्या पोराच्या हाती आला, सत्त्याण्णव वर्षांनी. अंगातला सदरा तेवढा पॅलेसचा होता.